वरणातला केस

आई, आज सकाळी न्हाणीघराच्या जाळीवर माझ्या केसांचा गोळा अडकून पाणी तुंबलं. तो ओला गोळा मुठीत घेऊन मी स्टुलावर बसून राहिले आणि तुला मोठ्याने विचारलं, बाई गं, तू हे कसं निभावलंस? बाहेरून तुझा जावई म्हणाला, "कोनाशी बोलून राहिली वं?" मी म्हटलं, आईशी. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझं नाव निघालं की तो अजून सावरून बसतो.

तुला आधी हे सांगायला हवं की माझंही पोटाचं ऑपरेशन झालं. तुझं अर्धं पोट अल्सरने निकामी केलं होतं म्हणून डॉक्टरांनी कापलं. माझं चांगलं धडधाकट पोट मी स्वतः दवाखान्यात जाऊन लहान करून घेतलं. हस, पोटभर हस. पण तू मला शेवटची पाहिलीस तेव्हाची मी आणि नंतरची मी यांत फार फरक पडला होता. शाळेत शिकवत होते तोवर वर्गात उभं राहणं तरी होई. निवृत्त झाले आणि खुर्चीत बसले ती बसलेच. साखर आवरेना, गुडघे बोलायला लागले, हुडकेश्वरच्या या घराच्या चार पायऱ्या चढायला मी कठडा धरत होते. डॉक्टर म्हणाले, पोट लहान केलं की खाणं कमी होईल, वजन उतरेल, साखरही ताळ्यावर येईल. तसंच झालं, तक्रारीला जागा नाही. ब्लाउज दोनदा आत घेऊन झाले. जिना चढताना आता कठडा लागत नाही. आणि सगळं असं सुरळीत चाललेलं असताना एक दिवस उशीवर केस दिसायला लागले. मग कंगव्यात, मग पोळीच्या डब्याच्या झाकणावर, मग सगळीकडे.

डॉक्टरांना याचं काही विशेष वाटलं नाही. म्हणाले, वजन भराभर उतरलं की असं होतं, शरीर आधी महत्त्वाच्या जागी रसद पोचवतं, केसांचा नंबर शेवटी. डाळी खा, अंडी खा, गोळ्या घ्या, परत येतील. मला सगळं पटतं. आरशासमोर उभी राहिले की त्यातलं काहीच पटत नाही. भांगाची रेघ बोटभर रुंद झाली आहे आणि मागून, म्हणे, टाळू दिसते. तुझ्या नातीने पुण्याहून केसांचा टोप पाठवला आहे, चांगला महागाचा, माझ्या केसांच्याच रंगाचा. मी तो एकदा घालून पाहिला. आरशात एक बाई दिसली, बरी होती दिसायला, पण तिला मी ओळखत नव्हते. आता तो खोक्यात घालून कपाटावर ठेवला आहे.

हे सगळं आजच का लिहायला बसले, तर उद्या दसरा आहे. आमच्या विहारातल्या बायका दरवर्षी दीक्षाभूमीच्या रस्त्यावर मांडव घालून बाहेरगावहून आलेल्यांना जेवू घालतात, आणि वरणाचं पातेलं पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. मी करते आणि मीच वाढते. परवा मी फोन करून सांगितलं की यंदा मला जमणार नाही, गुडघे फार दुखतात. आई, गेल्या दहा वर्षांत पहिल्यांदाच माझे गुडघे दुखत नाहीयेत. मला त्या उजेडात, त्या गर्दीत, पांढरं पातळ नेसून हे डोकं घेऊन वरणाच्या पातेल्यावर वाकायचं नव्हतं, एवढंच कारण होतं. तुला हे कारण नवीन नाही. पण तू तर घरी बसली नव्हतीस.

कोराडीचं आपलं ते दोन खोल्यांचं घर मला दिसतं. वीजघर नुकतं सुरू झालं होतं आणि राख अजून लोकांच्या सवयीची झाली नव्हती. वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळी काढावं तर ते करडं झालेलं असे, आणि तू दारात उभी राहून चिमणीकडे बघून दोन शब्द सुनावायचीस. बाबा कोळशाच्या बाजूला कामाला होते. तू कॉलनीच्या रस्त्यावरच्या खानावळीत स्वयंपाक करायचीस. मालक उत्तरेकडचा, सगळे त्याला शेठ म्हणायचे, जेवणारे मुलखामुलखाचे, फिटर, वेल्डर, ट्रकवाले, कारकून. तुला कामावर घेतलं तेव्हा कुजबूज झाली होतीच. जयभीमवाल्या बाईच्या हातचं आहे म्हणून काही जण उठून गेले होते, काही जण ताट घेऊन बाहेर झाडाखाली बसायला लागले होते. शेठला तत्त्वाशी घेणंदेणं नव्हतं, त्याला तुझं वरण आवडायचं आणि गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा येताना बघायला आवडायचं. हळूहळू झाडाखालचेही आत आले. हे तू किती कष्टाने मिळवलं होतंस ते मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, वरण चांगलं असलं की लोक खातात, त्यात काय मोठंसं.

तेव्हा तू भरल्या अंगाची होतीस. वेणी कमरेच्या खाली. चुलीपुढे बसण्याआधी तू ती वेणी खांद्यावरून मागे भिरकावायचीस, एका झटक्यात, आणि मग पदर डोक्यावरून घेऊन कामाला लागायचीस. पोटदुखी तू वर्षभर लपवलीस. एक दिवस रक्ताची उलटी झाली आणि बाबांनी तुला बसमध्ये घालून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. परत आलीस ती कोणी दुसरीच बाई वाटावी अशी. गाल बसलेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खायचं, गोड अजिबात नाही. एकदा शेजारणीने आग्रहाने गुळाचा शिरा खायला घातला आणि तुला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, तू भिंतीला टेकून बसलीस. गेल्या महिन्यात मला अगदी तसंच झालं, एका पेढ्याने. घाम पुसता पुसता मला हसू येत होतं, म्हटलं, घ्या, आईचं पोट शेवटी मलाही मिळालं.

मग तुझे केस जायला लागले. कंगवा फिरवला की पुंजकेच्या पुंजके. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. कोणी म्हणालं, दवाखान्यातल्या बाटल्यांमुळे. तू मला न्हाऊ घालताना एवढंच म्हणालीस, "पोट म्हनते, आधी मी जगतो, केसाचं मंग पाहू. बरोबरच आहे त्याचं." डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून जे समजावलं ते हेच होतं, पण तुझं बोलणं मला जास्त कळतं. तरीही तुला वाईट वाटत होतं, हे मी पाहिलंय. चुलीपुढे बसताना तुझा हात सवयीने मानेमागे जायचा, वेणी भिरकावायला, आणि बोटांत उंदराच्या शेपटीएवढं काहीतरी यायचं. हात तसाच थोडा वेळ मानेवर राहायचा. मग तू लाकडं पुढे सारायचीस.

टाके सुकले न सुकले तोच तू खानावळीत परत गेलीस. आणि तिथे तो दिवस आला. फोरमन होता एक, खिडकीपाशी बसणारा. त्या काळच्या सिनेमातल्या हिरोसारखे कानावरून मानेपर्यंत केस, खिशात कंगवा, जेवायला बसण्याआधी एकदा आणि उठल्यावर एकदा केस विंचरायचा. झाडाखालून आत येणाऱ्यांत तो सगळ्यात शेवटचा होता. त्याने वरणातून लांब केस काढला, दोन बोटांत धरून वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेठ, ये देखो! मैं तो पहले दिन से बोल रहा था, इसके हाथ का नहीं चाहिये." केसाचं निमित्त होतं, बोलायचं दुसरंच होतं, आणि ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. तू त्याचं ताट उचललंस आणि म्हणालीस, "माहाच असंन. केस चालले आहेत माहे." नवं ताट वाढून आणलंस. तो उठून गेला होता. दुसऱ्या दिवशी आणखी तीन-चार जण ताट घेऊन झाडाखाली बसले. शेठ तुला म्हणाला, बाई, बाल आने तक घर बैठो. घरी आल्यावर तू बाबांना हे सगळं सांगितलंस तेव्हा तुझा आवाज चढला नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली. तू म्हणालीस, "घरी बसली तं मी परत काही आत जात नाही. अन् माह्यामागून आपल्यातली दुसरी बाईबी कोनी चुलीपाशी उभी करत नाही." पगाराचं तू बोललीच नाहीस. लोकांनी तुझ्या हातचं खायला सुरुवात केली होती आणि ते आता एका केसावरून हातचं जाणार होतं.

तुझा उपाय बाबांना पटला नाही, पण त्यांनी कॉलनीच्या नाक्यावरच्या न्हाव्याला बोलावलं. तो पेटी घेऊन आला, पाट मांडला, पाणी मागितलं, आणि डोकं कोणाचं भादरायचं आहे हे कळल्यावर त्याने पेटी परत बंद केली. म्हणाला, "नवरा जिता असलेल्या बाईचं डोकं म्या नाही करत. पाप लागन मले." तू म्हणालीस, "नवरा हा काय उभा आहे समोर. इचार ना त्याले, जिता आहे का म्हनून." बाबा खरंच म्हणाले, "आहे गा, जिता आहे." न्हावी तरी गेलाच. मग तू बाबांचा दाढीचा वस्तरा आणलास, साबणाचा फेस केलास आणि मागच्या पायरीवर उन्हात पाठमोरी बसलीस. बाबांनी आधी कात्रीने उरलेली वेणी कापली आणि ती तुझ्या हातात दिली. मग वस्तरा घेतला. कोळशाच्या वॅगनी रिकाम्या करणारा माणूस, पण वस्तरा असा वेडावाकडा चालला होता की तू म्हणालीस, "कानापाशी हळू करा, कान मले लागते अजून." ते रडत होते. तू मान न वळवता विचारलंस, "काहून रडून राहिले? तुमचं डोकं थोडंच करून राहिलो." कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "अवं माय! काय करून बसली वं बाई? नवऱ्याच्या जिवावर!" तू म्हणालीस, "नवऱ्याच्या जिवावर नाही बाई, नवऱ्याच्या हातानं." डोकं झाल्यावर तू पाण्याचा हात फिरवलास, पदराने पुसलंस आणि माझ्याकडे वळलीस. "कशी दिसतो वं मी?" मी तेव्हा दहा वर्षांची असेन. खरं तेच सांगितलं, "तुहे कान मोठे आहेत." तू टाक्यांवर हात धरून हसलीस. मला वाटतं आजारपणानंतर तू पहिल्यांदा हसलीस ती तेव्हाच.

ती वेणी तू फेकली नाहीस. केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली तेव्हा गेल्या महिन्याभराचे पुंजके आणि ती वेणी तू तिच्यासमोर ठेवलीस, घासाघीस केलीस, आणि एक स्टीलची वाटी पदरात पाडून घेतलीस. "माह्या केसाची वाटी," म्हणून तू ती सगळ्यांना दाखवायचीस. पुढे दिवसातून सहा वेळा तू तिच्यातच जेवलीस, त्या वाटीत मावेल तेवढंच तुझ्या पोटात मावायचं. मला दवाखान्यातून घरी पाठवताना आहारवाल्या मुलीने मापाचे प्लास्टिकचे डबे घ्यायला सांगितले होते. मी म्हटलं, माझ्याकडे माप आहे. तळाशी थोडी पोचली आहे आता, पण कामाला चोख आहे.

डोकं केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. बाबा मला म्हणाले, "जा वं तिच्या संगं, चक्कर आली तं धरजो." तेव्हा मी तिथे होते, हे कोणाकडून ऐकलेलं नाही. एरवी स्वयंपाक करताना तू पदर डोक्यावर घ्यायचीस, त्या दिवशी तू तो कमरेला खोचलास. शेठ गल्ल्यावरून उठून उभाच राहिला. "अरे बाई, ये क्या किया? कुछ तो ढँक लो!" तू म्हणालीस, "काहून ढाकू? केस पडते म्हनत होते ना सारे. आता पडाले काही नाही राह्यलं." आणि आत जाऊन डाळ चढवलीस. मी चुलीशेजारच्या पोत्यावर बसून आहे, डाळीचा फेस वर येतो आहे, तू पळीने तो काढते आहेस, आणि तुझ्या डोक्यावर घामाचे थेंब दिसताहेत. इतकं सुंदर डोकं मी नंतर कोणाचं पाहिलं नाही. तेव्हा मात्र मला लाज वाटत होती, वर्गातल्या कोणी पाहू नये एवढंच मनात होतं.

जेवणाची वेळ झाली. लोक आले, तुझ्याकडे बघून दबकले, बसले. झाडाखालचे दारात घुटमळले आणि बहुधा तमाशा बघायला म्हणून आत येऊन बसले. फोरमनही आला. खिडकीपाशी बसला, कंगवा काढून केस विंचरले, कंगवा परत खिशात ठेवला. तू स्वतः वाढलंस त्याला. नुसते भुरके ऐकू येत होते. थोड्या वेळाने फोरमनचा हात थांबला. त्याने वरणातून काहीतरी काढलं, वर धरलं आणि सवयीने ओरडला, "शेठ! आज भी बाल!" सगळ्यांनी आधी त्या केसाकडे पाहिलं. मग तुझ्या डोक्याकडे. खिडकीतून ऊन येत होतं आणि तुझं डोकं नुसतं चमकत होतं. मग सगळ्यांनी, अगदी एका वेळी, फोरमनच्या मानेवर रुळणाऱ्या केसांकडे पाहिलं. एक म्हातारा क्रेनवाला होता, तो आधी फुसकन हसला, मग तोंडातला घास सांभाळत म्हणाला, "साब, अपनी जुल्फें सँभालो!" आणि अख्खी खानावळ हसायला लागली. शेठ गल्ल्यावर हात आपटून हसत होता. मीही पोत्यावरून उठून हसत होते. एक तू हसली नाहीस. तू जाऊन त्याचं ताट उचललंस, दुसरं वाढून आणलंस, त्याच्यापुढे ठेवलंस आणि पहिल्या वेळी बोलली होतीस त्याच आवाजात म्हणालीस, "होते असं. केस कोनाचाबी पडते. गरम आहे, जेवून घ्या."

त्याने खाल्लं, आई. मान खाली घालून सगळं खाल्लं. त्याच्या जागी मी असते तर त्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडलं नसतं, आणि माझं चुकलं असतं असंही मला वाटत नाही. पण तू त्याला हरवायला डोकं केलंच नव्हतंस. तुला फक्त तुझ्या चुलीपाशी राहायचं होतं. झाडाखालच्यांपैकी दोघं त्या दिवसानंतर परत आले नाहीत, ते दुसऱ्या खानावळीत जायला लागले, आणि तू त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाहीस. फोरमन पुढच्या पगारानंतर केस बारीक कापून आला. शेठने पुन्हा घरी बसायचं नाव काढलं नाही.

तो दसरा त्याच महिन्यात होता. तुझ्या डोक्यावर तेव्हा जेमतेम खुंट उगवले होते, हात फिरवला की टोचायचे. दरवर्षीप्रमाणे आपण कोराडीहून बसने शहरात आलो, तू पांढरं पातळ नेसलेली, मी पांढऱ्या फ्रॉकमध्ये. तेव्हा दीक्षाभूमीवर आजचा घुमट नव्हता, मोकळं मैदान होतं, आणि गावोगावची माणसं गाठोडी उशाला घेऊन मैदानभर बसलेली. छप्पन साली तू तुझ्या आईबापाचं बोट धरून त्याच मैदानावर उभी होतीस, ती जागा तू दरवर्षी मला दाखवायचीस आणि दरवर्षी ती जागा वेगळी असायची. वंदना घेऊन आपण माघारी वळलो तर एक म्हातारी समोर आली. वर्धेकडच्या कुठल्या गावची, अनवाणी, पाय धुळीने भरलेले. तिने तुझं डोकं पाहिलं, पांढरं पातळ पाहिलं आणि काही कळायच्या आत खाली वाकून तुझ्या पायांवर डोकं ठेवलं. तू दचकून पाय मागे घेतलेस. "अवं आजी, काय करून राहिली! उठ, उठ!"

म्हातारी हात जोडून म्हणाली, "भिक्खुनी झालेली बाई म्या कधी डोळ्यानं नव्हती पायली, माय. आज पायली."

"मी नाही वं आजी भिक्खुनी! पोटाचं आपरेशन झालं माहं, केस गेले. घरी नवरा आहे, लेकरू आहे, हे पाहा. खानावळीत वरन करतो मी."

तोवर म्हातारीला वाकलेलं बघून आणखी बाया आल्या होत्या. गर्दीत एक वाकला की दुसरा का ते विचारत नाही. कोणी सूनबाईला पुढे ढकलत होतं, कोणी तान्हं मूल तुझ्या पायांशी ठेवत होतं, आणि तू प्रत्येकीला खांद्याला धरून उठवत होतीस, प्रत्येकीला सांगत होतीस, मी ती नाही, मी ती नाही, माहं आपरेशन झालं. तुझा चेहरा लाल झाला होता. बाबा बाजूला उभे राहून डोळे पुसत हसत होते, मदतीला काही आले नाहीत. गर्दी पांगली तेव्हा ती पहिली म्हातारी अजून तिथेच होती. तिने तुझं सगळं नीट ऐकून घेतलं होतं. म्हणाली, "आपरेशन झाल्यावरबी चुलीपाशी उभी राहून लोकाइले जेऊ घालून राहिली ना तू? मंग माहा नमस्कार काही वाया नाही गेला." आणि तिने गाठोडं सोडून त्यातली भाकर काढली, अर्धी तुझ्या हातात ठेवली. तू त्यातला चतकोर तोडून, खूप वेळ चावून, तिच्यासमोर खाल्लास. उरलेला मला दिलास.

परतीच्या बसमध्ये तू खिडकीपाशी बसलीस. मग बाबांना म्हणालीस, "लोकं उगाच पाया पडले. आपन काय केलं?" बाबा म्हणाले, "तू वरन वाढलं." एवढंच. मग ते झोपून गेले.

केस पुढे परत आले, ते तू पाहिलंसच. आधी कुरळे, मग सरळ, मग पूर्वीसारखेच. त्यांचं तू किती कौतुक केलंस! जास्वंदीचं तेल, शिकेकाई, उन्हात केस मोकळे सोडून बसणं. पुन्हा खांद्याखाली आले तेव्हा तू चुलीपुढे बसताना वेणी भिरकावलीस आणि आम्हा सगळ्यांकडे बघितलंस, आम्ही पाहिलं की नाही म्हणून. ते मला फार आवडतं. तुला केस नको होते अशातला भाग नव्हता. केस परत येईपर्यंत मात्र तू चूल सोडायला तयार नव्हतीस.

इथवर लिहून मी उठले आणि विहारातल्या बाईंना फोन केला. म्हटलं, गुडघे बरे आहेत, उद्या येते, पातेलं माझ्याकडेच ठेवा. त्या म्हणाल्या, "बरं झालं वं बाई, तुह्यासारखं वरन कोनाले जमते?" मी त्यांना सांगितलं नाही की ते माझं नाही, तुझं आहे. डोकं करायची माझी हिंमत नाही, ते मी आधीच सांगून टाकते. तुझा जावई वस्तरा धरायच्या आधीच चक्कर येऊन पडेल. पातेल्यावर वाकताना पांढरा रुमाल बांधीन, वरणात केस जायला नको म्हणून, आणि वाढताना तो सोडीन. टोप खोक्यातच राहू दे. दुपारी मांडवाच्या मागे बसून तुझ्या केसांच्या वाटीत माझं वाटीभर जेवीन.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, ते वाटीखाली राहील. एकच सांगायचं होतं, ते शेवटपर्यंत मागे ठेवलं. त्या दिवशी मैदानावर परकी माणसं रांगेने तुझ्या पाया पडत होती आणि मी तुझा पदर धरून शेजारीच उभी होते. मलाही वाकावंसं वाटलं होतं, आई, अगदी गुडघे वाकवलेही होते. मग लाजले. म्हटलं, ही तर आपलीच आई आहे, हिच्या काय पाया पडायचं.